सीलांच्या किनाऱ्यावर आमचे हे

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी छंद हवा, असं मीच ह्यांच्या मागे लागले होते. माझ्या डोळ्यांसमोर बागकाम होतं, फार तर ब्रिजचा क्लब. हे उठून समुद्रकिनाऱ्यावर लोळणाऱ्या सीलांची राखण करायला जातील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आम्ही लिंकनशायरमध्ये राहतो, समुद्रापासून गाडीनं अर्ध्या तासावर. हे इथल्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते आणि मी तिथल्याच फार्मसीत होते. मुलगी एडिनबराला असते. घरात आम्ही दोघं, आणि त्यातली बोलणारी मी एकटी. ह्यांचा स्वभाव पहिल्यापासूनच अबोल. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा हे इतका वेळ गप्प उभे राहिले की शेवटी सासूबाईंनीच ह्यांच्या वतीनं माझं नाव घेतलं आणि दार सोडवलं. माझ्या बहिणी त्यावरून अजून हसतात. मी मात्र तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस असाच आहे, कोणाशीच बोलत नाही, मग आपल्याशी बोलत नाही याचं वाईट कशाला वाटून घ्यायचं? या एका समजुतीवर माझा संसार इतकी वर्षं नीट चालला होता.

हिवाळ्याच्या तोंडाला आमच्या किनाऱ्यावर करड्या सीलांच्या माद्या पिल्लं घालायला येतात. वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी लाकडी कुंपण आहे. लोक कुंपणाच्या अलीकडून बघतात. ते अलीकडेच राहावेत, कुत्री मोकळी सोडू नयेत, पिल्लाला हात लावायला कोणी जाऊ नये, हे बघायला पिवळी जॅकेटं घातलेले स्वयंसेवक उभे असतात. हॉस्पिटलातल्या एका जुन्या नर्सनं ह्यांना त्यात ओढलं. वॉटफर्डच्या माझ्या मैत्रिणीला मी फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "सील मासा? अय्या, डॉक्टर आता मासे राखतात?"

"मासा नाही गं तो. पिल्लाला दूध पाजतात त्या," मी म्हटलं.

एवढं ज्ञान तोवर मला झालं होतं, कारण हे घरी येऊन सांगायला लागले होते. पहिल्यांदा मला आनंदच झाला. मग एकदा जेवताना ह्यांनी आमटीची वाटी बाजूला सारली, मान जराशी वर केली आणि घशातून एक लांबलचक आवाज काढला. "ऊऽऽऊ ऊऽऽ" असा, मध्ये चढणारा आणि शेवटी ओघळल्यासारखा खाली येणारा. माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"काय झालं? दुखतंय का कुठं?"

"अगं, नाही. मादी अशी ओरडते, वाळूवर पडल्या पडल्या. एक सुरू झाली की दुसरी सुरू होते. लांबून ऐकलं तर वाटतं बायका गातायत."

"आणि पिल्लू?"

"पिल्लू थेट बाळासारखं रडतं. तो आवाज मला नाही जमत. तिला जमतो."

"कोणाला?"

तेव्हा ह्यांनी त्या बाईचं नाव घेतलं. सहज, पहिल्या नावानं, पाण्याचा पेला उचलता उचलता.

ती शाळेत संगीत शिकवायची. आता निवृत्त होती, नवरा वारला होता, आणि किनाऱ्याजवळच्याच एका बैठ्या घरात एकटी राहत होती. सीलांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा तिला नाद. गुरुवारी तिची आणि ह्यांची शिफ्ट एकत्र असायची. कोणता आवाज कशाचा, हे ह्यांना तिनं शिकवलं होतं. शेजारीण फार जवळ सरकली की मादी तोंड उघडून हुंदके दिल्यासारखा आवाज करते आणि पुढचा पंजा हवेत हलवते. त्याचा अर्थ, पुढे येऊ नकोस. नर फारसा बोलत नाही, नाकातून फुरफुरतो, फार झालं तर फिस्कारतो. पिल्लू रडतं ते बहुधा दुधासाठी. हे सगळं मला रोज जेवताना ऐकायला मिळायचं, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ती म्हणते" असायचं.

बरं, लपवाछपवी काहीच नव्हती. ती ह्यांना व्हॉइस नोट पाठवायची आणि हे स्वयंपाकघरातच मोठ्यानं लावायचे. मी कणीक मळत असायचे. आधी तिचा आवाज यायचा, घोगरा, हसरा: "ही ऐक, झोपेत बोलतेय." मग वारा, लाटा, आणि कुठल्या तरी मादीचा तो हेल. हे फोन कानाशी धरून पुन्हा ऐकायचे. कधी डोळे मिटून. लपवलं असतं तर मला धरायला काहीतरी सापडलं असतं. भांडण तरी काढता आलं असतं. सीलांचे आवाज ऐकता म्हणून नवऱ्याशी भांडणाऱ्या बाईला काय म्हणतात?

मला आणखी एक गोष्ट छळायची, आणि ती मी कोणाला सांगितली तर लोक हसतील. मी ह्यांना लग्नापासून "अहो, तुम्ही" म्हणते. ती ह्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, आणि इंग्रजीत नुसतं "यू". ते "यू" म्हणजे तू की तुम्ही, हे कळायला काही मार्गच नाही. मी कान देऊन ऐकायचे. हॉस्पिटलात इतकी वर्षं ते "यू" मी शेकडो माणसांच्या तोंडून ऐकलं होतं, माझ्या मनात कधी प्रश्न आला नव्हता. तिच्या तोंडचं "यू" मला प्रत्येक वेळी "तू"च ऐकू यायचं.

शेवटी एका बुधवारी मी म्हटलं, "उद्या मी पण येते."

"थंडी असते तिथं. उभं राहायचं असतं नुसतं."

"मला थंडी नवीन आहे का?"

"ये की मग," हे म्हणाले. आढेवेढे नाहीत, चेहऱ्यावर काही नाही. तेही मला आवडलं नाही.

सकाळी मी थालीपीठं लावली, फ्लास्कमध्ये चहा भरला. किनाऱ्यावर वारा असा होता की डोळ्यांतून पाणी यायचं. कुंपणापलीकडे वाळूवर सगळीकडे सील पसरले होते, ओल्या पोत्यांसारखे, आणि मधूनमधून पांढऱ्या लोकरीची पिल्लं. आणि तो आवाज. फोनमधून ऐकलेला आणि खरा, यांत फार अंतर होतं. एक मादी सुरू करायची, तिचा आवाज विरतो न विरतो तोच लांबून दुसरी. सगळ्या आडव्या, डोळे अर्धे मिटलेले, कोणी कोणाकडे बघतही नाही. तरी संवाद चालू असल्यासारखा वाटायचा. अंगावर काटा आला माझ्या, हे मी कबूल करते.

ती बाई आली. उंच, लोकरीची लाल टोपी, एका पायानं किंचित लंगडणारी. माझ्याहून वयानं मोठीच. मला हायसं वाटायला हवं होतं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माझ्या पिशवीकडे बघून म्हणाली, "तिखट पॅनकेक्स आणलेत का? मला फार आवडतात. हा दर गुरुवारी मला अर्धी देतो."

ह्यांचा डबा दर गुरुवारी पुसल्यासारखा स्वच्छ परत यायचा. मी खूश व्हायचे, की समुद्राच्या हवेनं ह्यांना भूक लागते. म्हणजे पहाटे उठून मी तिलाच जेवू घालत होते तर.

मग मी ह्यांना काम करताना पाहिलं. शाळेच्या मुलांचा एक घोळका आला होता. हे त्यांच्यापुढे उभे राहून बोलत होते, हातवारे करत होते. मुलांना म्हणाले, "आता सगळे गप्प. जो पहिला आवाज ओळखेल तो जिंकला." मुलं गप्प झाली. हे हसले. माझ्या घरात राहणाऱ्या माणसाला मी असं हसताना फार क्वचित पाहिलंय. एका लहान मुलीनं विचारलं, "ती रडतेय का?" तर हे गुडघ्यांवर बसून तिला समजावत राहिले, की नाही, तिला काही झालेलं नाही, ती फक्त आपण इथं आहोत असं सांगतेय. आमच्या मुलीला ह्यांनी इतकं काही समजावल्याचं मला आठवत नाही. माझी ती इतक्या वर्षांची समजूत तिथं त्या कुंपणापाशी मोडून पडली. हा माणूस बोलत होता. चांगला बोलत होता. फक्त घरी बोलत नव्हता.

मुलं गेल्यावर ते दोघं कुंपणाला टेकून उभे राहिले. बोलत नव्हते, नुसतं ऐकत होते. दोघांचे डोळे मिटलेले. बोलले असते तर परवडलं असतं. आमच्या घरातल्या शांततेत घड्याळाची टिकटिक ऐकू येते, फ्रिजची घरघर ऐकू येते. यांच्या त्या गप्प उभं राहण्यात मला शिरायला कुठं फटच नव्हती. मी फ्लास्कचं झाकण उगाचच जोरात लावलं. एकानंही डोळे उघडले नाहीत.

दुपारी भरती वर चढली तेव्हा एक लहान पिल्लू कुंपणाच्या दिशेनं सरपटत आलं. त्याची आई दिसत नव्हती. ते रडायला लागलं, आणि ते खरोखरच आपल्या बाळासारखं होतं. बघायला आलेल्या बायका कासावीस झाल्या. एक जण म्हणाली, उचलून आणा त्याला, दूध द्या. त्या बाईनं शांतपणे सांगितलं, "थांबा. हात लावला तर नुकसानच होईल. आई पाण्यात गेली असेल." पिल्लू तेवढ्यात दुसऱ्याच एका मादीजवळ पोचलं. तिनं मान वळवून तोंड उघडलं, हुंदक्यांसारखा तो धमकीचा आवाज केला आणि पंजानं वाळू सपासप हाणली. पिल्लू मागे सरकलं, पुन्हा रडायला लागलं.

तेवढ्यात पाण्याच्या कडेनं एक मादी वर येऊ लागली, पोटावर धपाधप उसळत. थांबायची, मान वर करून आवाज द्यायची, पुन्हा पुढे. पिल्लाचं रडणं वाढलं. हे माझ्या आणि त्या बाईच्या मध्ये उभे होते. नजर पिल्लावर, आणि न बघता ह्यांनी हात पुढे करून बाही पकडली. तिची. माझी नव्हे. मी ह्यांच्या दुसऱ्या बाजूला तितक्याच अंतरावर होते.

मादी पोचली. नाक पिल्लाच्या नाकाला लावून तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि कुशीवर कलंडली. पिल्लू दुधाला लागलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी बाही सोडली. ती बाई माझ्याकडे वळून, अगदी आपलेपणानं, म्हणाली, "आता ती करतेय बघ. कन्हाना."

मला आधी कळलंच नाही. "काय करतेय?"

"कन्हाना. हाच शब्द ना? ह्यानं शिकवला मला. आमच्या इंग्रजीत या आवाजांना शब्दच नाहीत. मोन आणि हाउल, संपलं. तुमच्याकडे केवढे आहेत! कन्हाना. विव्हलना. गुरगुरना." ती एकेक शब्द जिभेवर घोळवत म्हणत होती.

मी ह्यांच्याकडे बघितलं. कण्हणं. विव्हळणं. हे शब्द मी ह्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. माझं बाळंतपण झालं, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, मी कण्हले, विव्हळले, तेव्हा हे "पेन आहे का?" एवढंच विचारायचे. आमची मराठी, माझ्या माहेरची, ह्यांच्या आईची, हे इथं वाऱ्यावर उभं राहून अर्ध्या थालीपिठाबरोबर वाटत होते. माझा इतका संताप झाला की मी मराठीतच, तिच्या देखत, ह्यांना म्हटलं:

"काहीतरी चुकीचं शिकवू नका. कण्हणं दुखण्याचं असतं. ही काय कण्हतेय?"

"मग काय म्हणायचं?"

"पाण्यातून वर आली तेव्हा हंबरत होती. म्हशीचं रेडकू दूर गेलं की म्हैस कशी करते? आणि या बाकीच्या आडव्या पडलेल्या, या आळवतायत."

"आळवायला समोर कोणीतरी लागतं," हे म्हणाले. "ही तिकडची झोपलीय. डोळे मिटलेत तिचे."

"मग बरळतेय म्हणा."

"बरळण्यात सूर नसतो."

"तुम्ही झोपेत बरळता तेव्हा असतो."

"मी बरळतो?"

"विचारा कोणालाही."

"कोणाला विचारू? घरात तूच आहेस!" हे जवळजवळ ओरडलेच. कुंपणापाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. आणि आम्ही थांबलो नाही. रेकणं की ओरडणं, मुसमुसणं की कुरकुरणं, एकेक मादीकडे बोट दाखवून आमचं चाललं होतं. हे म्हणत होते, कुरकुर ही तक्रारीची असते. मी म्हणत होते, मग तुम्हाला काय वाटलं, थंड वाळूवर उपाशीपोटी पिल्लू पाजताना ती खुशीत आहे? इतकी सलग वाक्यं आम्ही एकमेकांशी कधी बोललो होतो, मला आठवेना. माझे कान गरम झाले होते. मी भांडत होते आणि मला ते थांबायला नको होतं.

मध्येच माझं त्या बाईकडे लक्ष गेलं. ती बाजूला सरकून उभी होती, हातात रेकॉर्डर, तो चालू की बंद कोण जाणे. एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा ह्यांच्या तोंडाकडे बघत होती. हसत होती, पण ते हसू चेहऱ्यावर धरून ठेवलेलं होतं. आम्ही काय बोलतोय यातलं तिला काहीच कळत नव्हतं. तो चेहरा मी ओळखला. कणीक मळताना माझा तसाच होत असणार. मला तिची दया आली का? नाही. मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि मी आणखी थोडा वेळ मराठीत बोलत राहिले.

घरी येताना गाडीत हे नेहमीसारखे गप्प. मी वाट बघितली, कदाचित तो वाद पुढे चालू होईल. ह्यांनी हीटर वाढवला आणि बातम्या लावल्या.

नवीन वर्ष लागलं तसा किनारा रिकामा झाला. आया पिल्लांना टाकून समुद्रात गेल्या, पिल्लं पांढरी लोकर झाडून त्यांच्यामागे गेली. त्या बाईचं कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं, व्हॉइस नोट बंद झाल्या. हे खिडकीशी पेपर घेऊन बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. ह्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं हे उघड होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. काळजीनं नव्हे. मी भारतात महिनाभर जाऊन येते तेव्हा हे असे बसतात का, हे मला कोण सांगणार?

मग मीच तिला फोन करून जेवायला बोलावलं. दोघांना माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, एकदा नीट बघायचं होतं. ती काठी टेकत आली. मी भरली वांगी केली होती, मुद्दाम झणझणीत. तिनं दोनदा वाढून घेतली. आणि गंमत अशी की त्या दोघांना बोलायला काही सुचेना. हवेबद्दल बोलले, तिच्या ऑपरेशनबद्दल बोलले, मग हे ताटाकडे बघत राहिले. सील नव्हते, तर दोघांमधलं ते जे काही होतं, तेही नव्हतं. शेवटी मीच तिच्याशी बोलत बसले. ती सांगत होती, की नवरा गेल्यावर घरात आवाजच उरला नाही म्हणून ती रेकॉर्डर घेऊन बाहेर पडायला लागली. हे भांडी विसळायला उठले.

निघताना दारात ती मला म्हणाली, "तुझ्याशी तो भांडतो. माझं मात्र प्रत्येक म्हणणं त्याला पटतं. दर गुरुवारी, सगळंच्या सगळं."

मी हसले. तिची गाडी वळेपर्यंत दारात उभी राहिले. माझ्याशी भांडायला ह्यांना ती शेजारी लागली, हे तिला कुठं माहीत होतं.

पुढच्या हंगामात ह्यांचा गुडघा दुखायला लागला आणि फिजिओथेरपीची वेळ नेमकी गुरुवारची मिळाली. तिनं घरी फोन केला, माझ्याशी बोलायला. गुरुवारी माझ्याबरोबर तू उभी राहशील का? मी लगेच हो म्हटलं. ती जागा रिकामी राहिली तर हे गुडघ्याला पट्टा बांधूनही जातील, याची मला खात्री होती.

एका गुरुवारी धुकं इतकं दाट होतं की कुंपणापुढे काही दिसेना. बघायला कोणी आलं नाही. आम्ही दोघी चहा पीत उभ्या होतो आणि धुक्यातून सगळीकडून ते आवाज येत होते, जवळून, लांबून. त्यात एक आवाज अगदीच वेगळा निघाला. खोलातून सुरू झालेला, मध्येच तुटलेला, आणि मग हळूच, प्रश्न विचारल्यासारखा संपलेला. तिनं माझ्याकडे बघितलं. "याला काय म्हणतेस?"

मी पुष्कळ शोधलं. शब्द सापडला नाही. तिनं रेकॉर्डर काढला होता, पण तो आवाज पुन्हा आला नाही. आम्ही बराच वेळ वाट बघत, काही न बोलता उभ्या राहिलो.

घरी आले तेव्हा हे दारातच होते. पट्टा बांधलेला गुडघा सरळ धरून.

"काय काय ऐकलंत दोघींनी आज?"

"रोजचंच," मी कोट काढत म्हटलं.

"धुकं होतं ना? धुक्यात आवाज वेगळे येतात. काही नवीन? ती काय म्हणाली?" हे माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. चहा ठेवू लागले, साखरेचा डबा शोधू लागले, पुन्हा विचारलं, "रेकॉर्ड तरी केलंत का काही?"

"नाही हो," मी म्हटलं, आणि आलं किसायला घेतलं.